समोर पाहणारा फोटो

मी, खुशाल डोमाजी उराडे, वय ६९, धर्म बौद्ध, कोळसा खाणीतील निवृत्त सर्वेअर, राहणार घुग्घुस, जि. चंद्रपूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भाग पाडायला घरात कोणी नाहीच. माझे हे पहिले व शेवटचे मृत्युपत्र.

१. घुग्घुसचे घर व बँकेतील शिल्लक मुलगा अश्वजित यास. तो पुण्यास असतो. दर रविवारी फोनवर "बाबा, जेवले का?" विचारतो, मी हो म्हणतो आणि बोलणे संपते. घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. सत्तर-तीनशेची मोठी लेन्स चंद्रपूरच्या आमच्या फोटो क्लबला. ती वाघासाठी घेतली होती. वाघ दोनदा दिसला, दोन्ही वेळा पाठमोरा. पत्नी कमला वारल्यावर मी मोटरसायकलवर गडचिरोलीकडे फिरू लागलो, तेव्हा तीच पिशवीत असे आणि पन्नासची छोटी लेन्स कपाटात. मोठ्या लेन्सने माणूस लांबून टिपता येतो, त्याच्याशी बोलावे लागत नाही. मला तेच हवे होते.

३. पोर्ट्रेटच्या पोझ शिकवणारी पुस्तिका क्लबचे अध्यक्ष अंकुशराव यांना परत. खांदा तिरपा, नजर बाजूला, कॅमेऱ्यात पाहायचे नाही, हे त्यांनीच मला शिकवले. सराव मी कमलावर केला. त्यांनी ती विद्या आता आणखी कोणाला देऊ नये.

४. कॅमेरा व पन्नासची लेन्स मंगली बुधू पोटावी, ता. धानोरा, हिला. गडचिरोलीकडच्या अशाच एका फेरीत तिचा नवरा बुधू मोहाच्या झाडाखाली ताठ उभा राहून थेट माझ्याकडे पाहत होता. मी शहाणा. हनुवटी धरून त्याचे तोंड जंगलाकडे वळवले आणि लांब जाऊन फोटो टिपला. क्लबात त्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. पुढे बुधू वारला. मी तोच फोटो मोठा करून, फ्रेम घालून घेऊन गेलो. मंगलीने बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"खुशालभाऊ, हा तं आमच्याकडे पाहूनच नाई राह्यला. भिंतीवर लावून काय करू? माणसानं घराकडे पाह्यलं पायजे."

दुसरा फोटो आधारकार्डावरचा, त्यात तर तो ओळखूही येत नव्हता. त्या घरात बुधू आता कुठेच नाही, आणि ते माझ्यामुळे.

घरी येऊन मी कमलाचे जुने फोटो कपाटातून बाहेर काढले. एकशे चाळीस निघाले. सगळ्यांत ती खिडकीकडे, फुलाकडे, नाहीतर खाली पाहते. "एक डाव तुमच्याकडे पाहू द्या नं जी," असे ती म्हणायची. मी कधी पाहू दिले नाही. हे मला अजून लागते.

५. त्यानंतर पन्नासची घेऊन मी मंगलीच्या गावात घरोघरी गेलो. या लेन्सने चेहरा टिपायचा तर दोन पावलांवर जावे लागते, हात जोडून जोहार करावा लागतो, पाणी प्यावे लागते. पोझ एकच, समोर पाहा. सर्वांच्या प्रती पोचत्या केल्या आहेत, कोणाची राहिली नाही.

६. या कागदावर चिकटवलेला माझा फोटो मंगलीने काढला आहे. सवयीने मी मान वळवली. तिने येऊन माझी हनुवटी धरली. "इकडे पाहा, भाऊ." कमला गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागला नव्हता. फोटोत डोळे ओले दिसतात, तेवढ्यासाठी तो बदलू नये.

७. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही अशीच माणसे साक्षीला लागतात, असे वकील म्हणाले. तशी दोन शोधायला मला आठवडा लागला. दोघांचे आभार.

८. अश्वजितने आपल्या घरी कमलाचा खिडकीजवळचा फोटो लावावा, आणि ती ज्या बाजूला पाहते आहे, त्या बाजूच्या भिंतीवर माझा.

ठिकाण : घुग्घुस
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) खुशाल डोमाजी उराडे

साक्षीदार :
१. (सही) निकेश, चहाची टपरी, बसथांबा
२. (सही) ललिता, औषध दुकान