अंजनगावपर्यंत एकदम स्मूथ

८ जानेवारी २००६

गाडी आली. सेडान! पांढरी, पॉवर स्टिअरिंग, मागच्या काचेला पडदे. गाडी विकणारे खुशालराव म्हणाले, डॉक्टरनं वापरलेली आहे. कुठल्या डॉक्टरनं ते विचारलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही. कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय. म्हणजे रेअर.

बाबांनी तिच्यासाठी बैल विकले. कबऱ्या आणि लाल्या. दलालानं अंजनगाव सुर्जीच्या बाजारात नेले. आयडिया माझीच. आजकाल शेतकऱ्याच्या घरी कोणी मुलगी देत नाही. पेपर सगळेच वाचतात. दारात बैल दिसले की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठतात. सेडान दिसली की बसतील. सिंपल लॉजिक.

शेजारच्या दुर्गाबाईनं विचारलं, डोमाजी, बैलं कुठी गेले? बाबा म्हणाले, पोराच्या डिक्कीत.

बाबांना सेन्स ऑफ ह्युमर आहे हे आज कळलं.

१५ जानेवारी

सायबर कॅफेत जाऊन ओनर्स फोरमवर रिव्ह्यू टाकला. 'एक्स्ट्रीमली रिलायबल फॅमिली सेडान.' आतापर्यंत घर ते चौक आणि परत एवढीच चालवलीय, पण फील येतो ना. पुण्याच्या एकानं लगेच रिप्लाय केला, माझ्याकडे हीच होती, विकून टाक भावा. जेलसी.

२९ जानेवारी

मोरणा नदीच्या पुलावर बंद. थंडीमुळे. (ऊन होतं, पण थंडी धातूच्या आत राहते.) मागून एक ऑटोवाला ओरडला, अंग्रेजी गाडी है, अंग्रेजी में बोल के देख! पब्लिक हसली. सिव्हिक सेन्स झिरो.

ढकलत जुन्या शहरात कुर्बानभाईच्या गॅरेजवर नेली. कुर्बानभाई म्हणे, गाडी एक नंबर है प्रीतमभाई, बस चलाना मत.

नवीन नियम: नेहमी उतारावर पार्क करायची. ब्रेक सोडला, घरंगळली, गिअर टाकला, चालू! फॉरेनला पण असंच करत असणार.

१२ फेब्रुवारी

स्थळ आलं. जयवंता. अंजनगाव सुर्जी. झेडपीच्या शाळेत टीचर. वडील शालिकरामजी, वावर आहे, पानमळा आहे. फोटो पाहिला. परत पाहिला. माझ्या कॉम्प्युटर क्लासवर मुलांना एक्सेल शिकवताना पण पाहिला.

ही पाहिजेच. आधीचे नकार शेतीमुळे होते. आता ते रीझन संपलं.

आईनं तिच्यासाठी हिरवी साडी घेऊन ठेवली. मी म्हटलं, आई, अजून पाहणं व्हायचंय. आई म्हणे, माह्या मनात झालं.

दीपमाला म्हणते, दादा, एसटीनं जाऊ, टायमावर तं पोचू. लहान बहिणींना फर्स्ट इम्प्रेशन कळत नाही.

२६ फेब्रुवारी, सकाळ

गाडी धुतली. ब्लेझर घातला. उतारावरून एका झटक्यात चालू. शुभशकुन.

२७ फेब्रुवारी

कालचं लिहितो. अंजनगावपर्यंत एकदम स्मूथ. हे नोट करणं इम्पॉर्टंट आहे. दर्यापूर मागे टाकलं तरी काही नाही. बाबा पुढे, आई आणि दीपमाला मागे. आईनं मांडीवर साडीची पिशवी घट्ट धरलेली.

अंजनगावच्या वेशीपाशी गाडी शांत झाली.

तिथे उतार नाही. त्या तालुक्यात उतारच नाही. काळी, सपाट, टेबलासारखी जमीन. हा गाडीचा नाही, जिऑग्राफीचा फॉल्ट.

आई आणि दीपमालानं ढकलली. मी स्टिअरिंगवर होतो, कारण टेक्निकल काम मला येतं. दोघींच्या चपला तुटल्या. तेवढ्यात शालिकरामजींना खबर गेली आणि त्यांनी गाडी ओढायला बैलजोडी पाठवली.

बैल आले. बाबा गाडीतून उतरले.

कबऱ्या सरळ बाबांकडे आला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घालू लागला. लाल्या मागून ढुशी देत होता. बाबांच्या खिशात अजून गूळ होता. बैल जानेवारीत गेले. गूळ कशाला ठेवत होते, आय डोन्ट नो.

तर आम्ही मुलीच्या दारात असे पोचलो: पुढे आमचेच बैल, मागे सेडान, सेडानमध्ये ब्लेझर घातलेला मी. अर्धं गाव सोबत. जयवंता ओट्यावर उभी होती. ओढणी तोंडाला लावून हसली. खूप वेळ हसली. इंटरेस्ट क्लिअर.

पोहे झाले. शालिकरामजींनी बाबांना विचारलं, हे बैलं तुमचे होते? बाबा म्हणाले, होते. ते म्हणाले, मंग कावून इकले? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबिलिटी, स्टेटस, फ्युचर, सगळं नीट एक्सप्लेन केलं. जयवंतानं एकच विचारलं, मंग वावर कोन वाह्यते? मी म्हटलं, प्लॅनिंग चालू आहे. ती बाबांच्या ताटलीत अजून पोहे वाढून आत गेली.

शालिकरामजी म्हणाले, शेतकऱ्याले पोरगी द्याले भेव वाटते, खोटं कायले बोलू. पन दावनीचे बैल इकून हे डबडं आननाऱ्याले द्याले त्याच्याहून भेव वाटते.

जनरल बोलत होते. माझं नाव घेतलं नाही. शेवटी 'कळवतो' म्हणाले. म्हणजे ओपन आहे.

गाडी चालू झाली नाही. त्यांच्याच गोठ्यापाशी ठेवून आम्ही एसटीनं आलो. वेळेवर पोचलो. दीपमालानं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

१९ मार्च

कळवलं नाही. पण विचार केला तर गाडी त्यांच्या अंगणात आहे. नको असलेल्या माणसाची गाडी कोणी अंगणात ठेवतं का? पार्ट दिल्लीहून यायचा आहे. कुर्बानभाई म्हणे, रस्ते में है. मी पण घाई करत नाही. पार्ट जितका उशिरा, तितकं नातं घट्ट.

९ एप्रिल

फोन आला! शालिकरामजी स्वतः. म्हणाले, तुमच्या गाडीत कोंबडी अंड्यावर बसली, काय करू? मी म्हटलं, बसू द्या मामा. मुद्दाम 'मामा' म्हटलं. त्यांनी विरोध केला नाही.

घरी सांगितलं. दीपमाला म्हणे, कोंबडीचं जमलं दादा, तुह्यं राह्यलं.

१० मे

पार्ट आला. आणि परत फोन: चौदा तारखेले सगळे या, घरी कार्यक्रम हाय, गाडीचंबी काम हाय.

साखरपुडाच! सरप्राइज ठेवतायत. ब्लेझर ड्रायक्लीनला टाकला. आईनं साडी इस्त्री केली. बाबा म्हणाले, पोरा, कोनाचा कार्यक्रम ते तं इचार. मी म्हटलं, बाबा, निगेटिव्ह नका बोलू. बाबांनी फक्त गूळ घेतला.

१५ मे

लग्न होतं. जयवंताचं. नवरदेव पथ्रोटचा. संत्र्याचा बगीचा, दोन बैलजोड्या. शेतकरी.

गाडीला झेंडूच्या माळा, समोर बैल जुंपून तयार. नवरदेवाची मिरवणूक त्यातून काढणार होते. शालिकरामजी म्हणाले, गाडी दिसाले झ्याक हाय, वढाले आपले बैल हायेतच. मी खाली वाकून पार्ट बसवला. पिसं काढली. मनात म्हटलं, आज चालू होऊ नको. बाई, आयुष्यात एकदा माझं ऐक, आज नको होऊ.

अर्ध्या चावीत चालू झाली.

बैल सोडले. मिरवणूक मी चालवली. पाठवणी पण मीच चालवली. पथ्रोटपर्यंत एकदा खोकली नाही. एसी लागला. एसी कधीच लागला नव्हता. मागून जयवंता म्हणाली, दादा, एसी जरा कमी करता का? मी कमी केला. पोचल्यावर नवरदेवाच्या आईनं आवाज दिला, ड्रायव्हरले जेवाले बसवा आंधी! ब्लेझरमुळे वाटलं असेल. जेवलो. आईची हिरवी साडी तिच्या आहेरात होती, वरच.

परत येताना एकटा. अंजनगावच्या वेशीपाशी गाडी शांत झाली. तिथंच.

शालिकरामजींकडे फोन केला. बाबा अजून तिथंच होते, तेच बैल घेऊन आले. शालिकरामजींनी म्हणे हातात कासरा देऊन सांगितलं, डोमाजी, तुमीच जा, तुमचं ऐकतेत ते. बाबांनी दोर बांधला आणि पुढे पायी चालू लागले. पूर्ण रस्ता कबऱ्याशी बोलत होते. वावरात काय पेरायचं, दुर्गाबाई काय म्हणते, पाणी कसं राहील. एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. लाल्याशी पण बोलले.

माझ्याशी एकदाच बोलले. मागं न पाहता.

हँडल सिधं धर.