पाणी पाजणारी

६ जानेवारी २००३
आज दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. वॉर्ड छोटा, पण खिडक्या मोठ्या. दुपारी भरपूर ऊन येतं. इथल्या मावशी आक्काताई यांनी पहिल्या चहालाच गाव विचारलं. मुरगूड म्हटलं. आई गेल्यापासून घरी कुणी नाही, हे सांगितलं नाही.

डॉक्टरांनी एक काम खास माझ्यावर सोपवलंय. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग श्वास कोंडतो. म्हणून पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली ते रोज मोजायचं. आजवर सगळं अंदाजानं चालायचं, दोन पेले, थोडी पेज. मला असलं नेटकं काम आवडतं. खोली मार्केट यार्डाजवळ मिळाली. गुळाचा वास येतो. बरं वाटलं.

१० जानेवारी
मापाचा जग आणला. प्रत्येकाच्या पेल्यावर चिकटपट्टीची खूण केली. चहा, सलाईन, गोळीबरोबरचा घोटसुद्धा मोजायचा. वजन सकाळी, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. आक्काताई म्हणाल्या, ही पोरगी थेंबाचाबी हिशेब मागंल. पण आता त्याही मोजल्याशिवाय भांडं ओतत नाहीत.

खिडकीजवळच्या बयाबाई जोतिबाकडच्या. मुलगा दाखल करून गेला तो फिरकला नाही. दिवसाला लिटरभरच पाणी, त्यामुळे ओठ सुकलेले. मी ओला बोळा फिरवते. तेवढ्यानं हात धरून ठेवतात. मलाही सोडवत नाही.

१३ जानेवारी
बयाबाईंचं वजन वाढलंय. मोजमाप बरोबर आहे. काटा बदलला, तरी तेच. चोरून कुणी पाणी देतं का, म्हणून आक्काताईंना विचारलं. त्या रागावल्या. मग बयाबाईंनाच विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "दुपारची ती पोरगी पाजती की. लई मायेची हाय."

कोण, म्हटलं. तर म्हणाल्या, तुझ्यासारखीच, पांढऱ्या कपड्यातली.

दुपारी ड्यूटीला मी एकटीच असते.

१५ जानेवारी
बयाबाईंची सूज गुडघ्यापर्यंत चढली. डॉक्टरांनी लघवीचं औषध वाढवलं आणि मला सुनावलं, प्रियदर्शनी सिस्टर, तुमचं मोजणं चुकतंय.

जग, पेला कपाटात कुलूप लावून ठेवले आणि दुपारभर बयाबाईंच्या पलंगाशी बसले. त्यांची मान उशीवरून उचलली गेली, खालून कुणी हात दिल्यासारखी. ओठ उघडले. गळा हलू लागला. घोट, पुन्हा घोट. मी गळ्याला हात लावला. पाणी उतरताना बोटांना कळत होतं. हनुवटीवरून ओघळ आला. पुसला. गार होता.

१६ जानेवारी
डॉक्टरांना सांगितलं. रजा घ्या म्हणाले. कुठं जाऊ?

आक्काताईंनी बाजूला घेतलं. "ज्याला बघाय कोण येत न्हाय, त्याच्याकडंच ती येती. तुझ्याआधीबी येत हुती."

बयाबाईंच्या मुलाला फोन लावला. कुणीतरी जवळ बसायलाच हवं. उद्या येतो म्हणाला.

१७ जानेवारी
तो पोचायच्या आधीच — तोंडाला गुलाबी फेस. छाती पाण्यानं भरलेली. इंजेक्शन, ऑक्सिजन, सगळं केलं. बयाबाई जाताना हसल्या. माझ्याकडं बघून नाही. माझ्या शेजारी बघून.

१९ जानेवारी
रविवार. खोलीवरच. चपलेचा पट्टा लागेना. घोट्यावर बोट दाबलं — खड्डा तसाच राहतो. सकाळपासून पाण्याला शिवले नाही. तरी पोट —

कुणाला सांगू. कुणीच —

२० जानेवारी
दुपार. कडी आतून लावलीय. मानेखाली हात. गार. तहान लागली का गं, म्हणाली. नको म्हटलं. ती थांबली. परत विचारलं, हळू, माझं नाव घेऊन — किती महिने झाले, मला कुणी असं मायेनं विचारलंच नव्हतं — नको म्हणायचंय मला, पण तोंड आपोआप