भंगार यंत्राखाली सापडलेले बोट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शासकीय मुद्रणालय.

विषय : नसलेल्या यंत्राखाली चिरडलेले माझे बोट खरोखरीचे होते, असे मान्य करून उपचारासाठी रजा मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, ‘सदर यंत्र निर्लेखित असल्याने अपघात ग्राह्य धरता येत नाही.’

महोदय,

१. मी आपल्या मुद्रणालयात पायाने चालणारे जुने ट्रेडल यंत्र चालवते. अक्षरांचे खिळे जुळवून झाले की एकेक कागद हाताने आत सरकवायचा, असे हे काम आहे. गेल्या वर्षी आपण हे यंत्र भंगार ठरवून कागदोपत्री निकाली काढले, म्हणजेच निर्लेखित केले. त्याच्या जागी आलेले नवे यंत्र शेजारच्या खोलीत प्लास्टिक पांघरून उभे आहे. उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड नाही, आणि फीत कापल्याखेरीज बटण दाबायचे नाही असा आपला आदेश आहे. तोवर सगळी छपाई भंगारावरच निघते.

२. कागद वाकडा गेला की ठसा रोखायला एक दांडा ओढावा लागतो. त्याची स्प्रिंग तुटली म्हणून मी नवी मागितली. “बाई, जे मशीनच नाही त्याला स्प्रिंग कुठून देऊ?” असे आपण हसून म्हणालात. मीही हसले. दांडा सुतळीने बांधला आणि तेल सासूबाईंच्या शिलाई मशीनचे आणले.

३. त्या दिवशी कामगार सुरक्षा सप्ताहाची पत्रके निकडीची होती. आपण दारात उभे राहून “जरा पाय उचला” म्हणालात. मी उचलला. कागद वाकडा गेला, दांडा ओढला तर सुतळी तुटली, आणि कागद सरळ करायला गेलेल्या उजव्या हाताच्या तर्जनीचे पेर गेले. खिळे जुळवणाऱ्या मामांनी खांदा लावून चाक थांबवले म्हणून उरलेला हात शाबूत आहे. परंतु मामा सेवानिवृत्त असून मदतीला येतात, त्यामुळे तेही कागदोपत्री तिथे नव्हते. रक्ताचे डाग पडलेली पत्रके आपण बाजूला काढायला लावलीत. बाकीची वेळेवर रवाना झाली, ही समाधानाची बाब आहे.

४. लेखनिकांनी अपघात नव्या यंत्रावर दाखवावा असे सुचवले होते. परंतु उद्घाटनापूर्वी त्यावर रक्त सांडल्याचे दाखवणे बरे दिसणार नाही, असे आपले म्हणणे पडले. घरी सासूबाई रोज विचारतात, “अगं, मशीन नाही म्हणतात, मग बोट गेलं कुठं?” त्यांना काय सांगावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

५. रजा देता येत नसल्यास मलाही यंत्राबरोबर निर्लेखित करावे. म्हणजे माझ्याकडूनही पूर्वीपेक्षा जास्त काम घेता येईल.

६. हे लिहीत असतानाच आपल्याकडून तातडीचा मजकूर छपाईस आला. अस्तित्वात नसलेले यंत्र विनापरवाना चालवल्याबद्दल मलाच कारणे दाखवा नोटीस आहे. वर माझे नाव, खाली आपले. नव्या यंत्राच्या खोलीला कुलूप असल्याने मी ती त्याच यंत्रावर, डाव्या हाताने छापली आहे.

आपली, अद्याप हजेरीपटावर असलेली,
ट्रेडलवाली
(सही डाव्या हाताची असल्याने ओळखू येणार नाही.)

दिनांक : आजचाच

सोबत : नोटिशीची प्रत. शाई ओली आहे. मधोमध घडी घालू नये, माझे नाव आपल्या नावावर उमटेल.