पुन्हा तुमचंच नाव सांगितलं

गुरुजी, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज लिहून राहिलो, यावरनंच ओळखा की पुन्हा काहीतरी करून बसलोय.

आपल्या वस्तीत तुम्हाला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. पोरीचं लग्न असो की पोराचा फॉर्म, माणसं विहाराच्या पायरीवर तुमची वाट बघत बसायची. आबा तर कुठंही सही करायच्या आधी एवढंच विचारायचे, "गुरुजी काय म्हणले?" दिवसभर अर्धापूरच्या मळ्यांत केळीचे घड वाहणारा माणूस, त्याला तुमच्याकडं यायला सवड कुठली? म्हणून मलाच धाडायचे. तुम्ही सांगायचात, मी घरी येऊन ते आबांना सांगायचो.

दहावीच्या निकालानंतर तसाच आलो होतो, डॉक्टरकीसाठी लातूरच्या क्लासला जाऊ का म्हणून विचारायला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून मला नीट बघितलं. "लातूर नको. तुझा हात यंत्रात चालतो, नांदेडला आयटीआय कर. डॉक्टर तुला नाही, तुझ्या दोस्ताला व्हायचंय." लई राग आला होता मला. दोस्ताची तर बॅगसुद्धा भरून झाली होती. घरी आलो तेव्हा आबा पाय धूत होते. "काय म्हणले?" मी म्हणालो, "लातूरला जा म्हणले." बस, एवढंच. आबांनी पुढं एक शब्द विचारला नाही.

दोन वर्षं लातूरच्या क्लासांत मागच्या बाकावर बसलो आणि बारावीला आपटलो. त्या दोन वर्षांत आबांनी दुप्पट घड वाहिले, त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. निकालाच्या दिवशी ते तुमच्या दारात उभे राहिले, मी त्यांच्या मागं. "तुमच्या सांगण्यावरनं धाडलं, गुरुजी. वाटोळं केलं तुम्ही पोराचं." तुम्ही त्यांच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघितलं. आता माझी चामडी निघणार, असं वाटलं. आणि तुम्ही म्हणालात, "हाव. माझंच चुकलं." का म्हणालात असं, गुरुजी? तिथंच एक मुस्काटात दिली असती तर सुटलो असतो मी! त्या दिवसापासनं आबांनी तुम्हाला जयभीम घातला नाही. तुम्ही मात्र रस्त्यात दिसलात की आधी हात जोडायचात.

पुढं मी आयटीआयच केलं. आता नांदेडला मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं, दुकान आहे. आबा गिऱ्हाइकांना सांगतात, "त्या मास्तरचं ऐकलं नसतं तर हे दुकान दोन वर्षं आधी निघालं असतं." मी मान खाली घालून तार गुंडाळत राहतो. तुम्ही गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाची सभा झाली, तिला आबा आले नाहीत. मी आलो, माईक हातात घेतला आणि म्हणालो, "मी गुरुजींच्याच सल्ल्यानं घडलो." लोकांनी माना डोलावल्या. लाज कशी वाटली नाही मला, कोण जाणे.

यंदा माझी पोरगी दहावी झाली. तिच्या बाई म्हणतात, हिला लिहिता छान येतं, आर्ट्सला घाला. मैत्रिणी लातूरला निघाल्यात. काल दोन्ही फॉर्म घेऊन ती दुकानात आली. आबा बाकड्यावर खांदा चोळत बसले होते. "मास्तर लोकांचं ऐकू नको बाई, तुझ्या बापाला विचार." तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाचं ऐकलं होतं?"

तोंड उघडलं मी, गुरुजी. शपथेवर सांगतो, खरंच सांगणार होतो. तेवढ्यात आबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"गुरुजींचं," मी म्हणालो.

"बघ, मास्तरचं ऐकून काय झालं ते," आबा म्हणाले. पोरीनं बाईंनी दिलेला फॉर्म घडी करून दप्तरात टाकला आणि लातूरचा भरायला घेतला.

तो अजून पाठवायचा आहे. खाली माझी सही व्हायची आहे. आबा आत्ताही समोरच बसलेत, काय लिहून राहिला म्हणून विचारतात. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येतात, म्हणूनच हे एवढं सगळं त्यांच्यासमोर बसून लिहू शकलो.