आत्याच्या श्वासावर आलेला आळ

तीर्थस्वरूप आतोबांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना इअरफोनची वायर टेबलाच्या खणात अडकली आणि नमस्कार अर्ध्यावरच राहिला. तो पूर्ण झाला असं समजावं.)

ताजी बातमी आधी सांगतो, म्हणजे पत्र मध्येच खाली ठेवलंत तरी नुकसान व्हायला नको. आत्याच्या वाचनात सूंऽऽ असा आवाज नाही. कधीच नव्हता. काल दुपारी सव्वाचार वाजता चौकातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हे माझ्यादेखत सिद्ध केलं आणि आज सकाळी आमच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टने त्याला दुजोरा दिला. (तो गेले सात आठवडे हेच सांगत होता, पण त्या वेळी तो दुजोरा नव्हता, हुज्जत होती.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा जिना चढू देतो का? सकाळचं फिरणं चालू आहे ना? इकडे सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही, पण त्याचं कारण शारीरिक नाही. कानाच्या डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे.

माझी नोकरी काय आहे हे तुम्ही चारचौघांत "आमचा भाचा कानाने पोट भरतो" असं सांगता, आणि ते खोटं नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमची संस्था पुस्तकं मोठ्याने वाचून घेते. वाचणारा वाचतो, रेकॉर्डिस्ट ते ध्वनिमुद्रित करतो आणि मग ते माझ्याकडे तपासायला येतं. कुठे शब्द गाळला, कुठे पान फडफडलं, कुठे कुणाचं पोट गुरगुरलं, हे मी कागदावर मांडतो. ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्याने ते पास करायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे, कारण आपल्या मुलाला आपण देखणाच म्हणतो. त्यामुळे शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. एका वेळी एका तपासनिसाकडे एकच पुस्तक असतं, आणि यंदा माझ्याकडे आलं आत्या वाचत असलेलं 'दीपगृहावरची चोवीस वर्षे'.

आता इथे माझा पहिला गाढवपणा. पुस्तक माझ्याकडे आलं त्याच दिवशी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "घ्या! आत्याबाई वाचणार, भाचेबुवा तपासणार, सगळं घरच्या घरी." सगळे हसले, मीही हसलो आणि मनात म्हटलं, थांबा, दाखवतोच आता. दुसऱ्या कुणाची एक चूक सोडली असती, तर आत्याची अर्धीही सोडायची नाही. त्याच आठवड्यात माझा वाढदिवस होता, आणि तुम्ही मला ती खिशात मावणारी काळी डबी पाठवलीत, अ‍ॅम्प्लिफायर, फोन आणि इअरफोन यांच्यामध्ये लावायचा. सोबत चिठ्ठी होती, "आवाजाला ताकद हवी. ताकद असली की बाकी सगळं येतं." (टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाशी ताकदीवरून वाद घालणारा मी कोण?) आणि ऑफिसच्या जुन्या मोठ्या हेडफोनच्या गाद्या फाटून त्यातलं स्पंज माझ्या केसांत उतरत होतं, म्हणून मी नवे इअरफोन घेतले होते. शेंगदाण्याएवढे, पण कानाचे इतके तिखट की पलीकडच्या माणसाने वाचता वाचता मत बदललं तरी ऐकू यावं.

तर हे तिखट इअरफोन, ती ताकदवान डबी आणि तो नातेवाइकांना न सोडणारा मी, असे तिघे मिळून पहिलं प्रकरण ऐकायला बसलो. आत्या वाचत होती तोवर सगळं झकास. पण परिच्छेद संपला, ती क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत मागून आवाज आला. सूंऽऽ. बारीक, अखंड, लांब कुणीतरी सायकलच्या चाकातली हवा सोडत बसल्यासारखा. मी पुन्हा ऐकलं. पुन्हा सूंऽऽ. मी कागदावर लिहिलं, "प्रकरण १ ते ४, पार्श्वभूमीला आवाज, अमान्य." सही करताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे आज कबूल करतो.

त्यानंतर आमच्या स्टुडिओत जे झालं त्याला शोधमोहीम म्हणतात आणि भूकंपही म्हणतात. पंखा काढला. ट्यूबलाइट बदलली. भिंतीवरचं घड्याळ व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेलं. आत्याने तीच चार प्रकरणं पुन्हा वाचली, पुन्हा सूंऽऽ. मग माझा संशय व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या मशीनवर गेला. ते बंद केलं, आणि आठ दिवस सगळं ऑफिस कोमट पाणी पीत माझ्याकडे बघत होतं. आत्याला मी कडक खळीचे कपडे घालायची बंदी केली. (मुख्याध्यापिका म्हणून तीस वर्षं जिने शेकडो पोरांच्या शर्टाची बटणं तपासली, तिला मी सांगितलं की आत्या, उद्यापासून चुरगळलेलं घालून ये. ती आलीही! तिचं येणं पाहून शिपायाने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना?) तिसऱ्यांदा वाचन झालं. सूंऽऽ.

रेकॉर्डिस्ट त्याच्या मोठ्या हेडफोनवर ऐकून म्हणाला, "अहो, काहीसुद्धा नाहीये. मांजर चाललं तरी कळेल इतकं साफ आहे." मी त्याला सांगितलं, की बाबा, तुझ्या कानांना आता विश्रांतीची गरज आहे. त्या दिवसापासून तो मला "कानसम्राट" म्हणू लागला.

आता यापुढचं मात्र विनोदाने सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो. खोलीतलं सगळं काढून झालं आणि आवाज राहिलाच, तेव्हा खोलीत काढण्यासारखं उरलं कोण? एकटी आत्या. मी तसं म्हणालो नाही. पण ती गणिताची शिक्षिका, वजाबाकी तिची तिनेच केली. आधी तिला वाटलं कवळीतून हवा जात असेल, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन तिने कवळी घासून आणली. मग तिला वाटलं, आपला श्वासच वाजतो. तेव्हापासून ती श्वास रोखून वाचायला लागली. म्हणजे दीपगृहाचा रखवालदार सावकाश जिना चढतोय, आणि वाक्याच्या शेवटी आत्या पाण्यातून डोकं वर काढल्यासारखी! आणि मग गेल्या मंगळवारी तिने माझ्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं, व्यवस्थापकबाईंना द्यायला. तीनच ओळी होत्या, त्याच शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात. माझा आवाज आता लोकांनी ऐकण्याजोगा राहिलेला नाही. वयाचा मान राखून थांबते. कुणाला दोष नाही. (पाकीट बंद होतं, तरी मला हे कसं कळलं, असं विचारू नये.)

आतोबा, मला तिचा श्वास कधीपासून बिघडला ते शोधायचं होतं, म्हणून मी तिचं सहा वर्षांपूर्वीचं पुस्तक काढलं, ज्याची तारीफ करणारी पत्रं अजून फाइलमध्ये आहेत. सूंऽऽ. मग एका बावीस वर्षांच्या मुलीने वाचलेलं काढलं. सूंऽऽ. मग बातम्या वाचल्यासारखं वाचणाऱ्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं. सूंऽऽ! एखाद्या शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे प्रकाश पडला असता. मी मात्र संस्थेची सगळी अकराशे चाळीस पुस्तकं अमान्य करण्याचा मसुदा लिहायला घेतला. दुसऱ्या पानावर माझ्या मनात आलं, की अकराशे चाळीस पुस्तकं चुकीची आणि मी एकटा बरोबर, असं कसं होईल? तेव्हा माझेच कान गेले असणार. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, जिथे स्वतःच्या पापण्यांचा आवाज येतो. सूंऽऽ नाही. कान ठणठणीत, असं लिहून देताना ते म्हणाले, "यंत्रंबिंत्रं वापरता का काही? तीही एकदा कुणाला तरी दाखवा."

म्हणून मिस्त्री. त्यांच्या टपरीत बसून मी सात आठवड्यांची कहाणी सांगितली. ते एका बिघडलेल्या रेडिओच्या पोटात बघत ऐकत होते. मग म्हणाले, "लावा बरं कानाला." लावले. "डबी चालू करा." केली. "आता फोनवर काय वाजतंय?"

"काहीच नाही."

"मग ऐकताय काय एवढं मन लावून?"

आणि आतोबा, मी खरोखर ऐकत होतो. सूंऽऽ.

नोकरीची अकरा वर्षं मी माणसांनी काहीतरी बोललेलं ऐकत आलो, पण काहीच वाजत नसताना कधी ऐकलं नव्हतं! वाजलं की कानात घालायचं, संपलं की काढायचं, ही आमची रीत. मिस्त्रींनी टपरीतले मोठे हेडफोन त्याच डबीला लावले, आवाज गायब. माझे इअरफोन डबीशिवाय नुसत्या फोनला लावले, आवाज गायब. दोघंही आपापल्या जागी सज्जन. मिस्त्री म्हणाले, "डबी म्हणजे बैल आहे आणि हे इअरफोन म्हणजे ससा. तुम्ही दोघांना एका जुवाला जुंपलंत. बैल नुसता उभा राहून श्वास घेतो, तो सशाला वादळासारखा ऐकू येतो. त्यात वाचणाऱ्या बाईंचा काय दोष?" मग त्यांनी दोघांच्या मध्ये लावायला अंगठ्याएवढा एक जोड दिला, डबीचा जोर अडवून धरणारा. तो लावला आणि आत्याचं पहिल्या खेपेचं वाचन ऐकलं. परिच्छेद संपला, ती थांबली, आणि मागे काही नव्हतं. इतकी छान थांबते ती, आतोबा, मला माहीतच नव्हतं.

तर माझी विनंती एवढीच, की तुम्ही योग्य वेळ बघून, ती चहा पिऊन झाल्यावर, हे हळूच तिच्या कानावर घालावं. मी स्वतः आलो असतो, पण सध्या कामाचा फार ताण आहे.

आपला,
कानसम्राट

ता. क. डबी तुमच्या प्रेमाची आहे, ती मी परत करणार नाही. तिला कुठलाही दोष दिलेला नाही. दोष वाटून घ्यायचाच झाला, तर चार आणे तुमच्या चिठ्ठीला द्यावेत असं सुचवतो.

आणखी एक ता. क. कामाचा ताण वगैरे काही नाही. मला महिनाभरासाठी तपासणीवरून काढून पुस्तकांच्या कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं आहे, आणि ते योग्यच आहे.

शेवटचं ता. क. आतोबा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस तुम्हाला अक्षर वाचायला मनाई आहे, हे मला आईकडून गेल्या रविवारीच कळलं. म्हणजे हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतंय ते मला माहीत आहे.

आत्या, समोर उभं राहून सांगायची माझी छाती झाली नाही. तुझ्यापुढे उभं राहिलं की मला अजून छडीसाठी हात पुढे करावासा वाटतो. चूक माझी, माझ्या अकडीची. तुझ्या श्वासाची कधीच नव्हती. ते पाकीट मी कुणालाही दिलेलं नाही, माझ्या खणात आहे. ते मला फाडू दे, एवढंच मागायला हे सगळं लिहिलं. व्यवस्थापकबाईंनी आज स्वतः बसून सगळ्या खेपा ऐकल्या. तुझी पहिली खेप पास झाली, चारही प्रकरणं दुपारीच पुढे गेली. सोमवारी सकाळी दहा वाजता स्टुडिओ तुझ्या नावावर आहे, तपासायला दुसरं माणूस आहे, आणि रेकॉर्डिस्ट तुला न्यायला साडेनऊला दारात येईल. पाचव्या प्रकरणात दीपगृहावर पहिलं वादळ येतं आणि रखवालदार दोनशे पायऱ्या धावत वर जातो. तिथे तुला धाप लागली तर लागू दे, असं बाईंनी मुद्दाम सांगितलं आहे.