टाकीतलं गोडं पाणी

आई,

मी आता गोव्यात एका शिडाच्या बोटीची देखभाल करतो. तू गेलीस तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होतो. पुढे वर्गात मुलं उरली नाहीत आणि माझी हंगामी नोकरी संपली. बोट बेळगावच्या एका डॉक्टरांची आहे. थंडीत ते येतात, शीड उभारतात, दोन दिवस समुद्रावर राहून परत जातात. बाकीचं वर्ष बोट नदीच्या मुखाशी धक्क्याला बांधलेली असते, आणि तिच्यावर मी. पावसाळ्याआधी ती क्रेननं उचलून जमिनीवर ठेवतात. त्याआधी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात. बसायच्या फळ्यांखाली अशा दोन टाक्या आहेत. पावसाळाभर पाणी आत राहिलं तर टाकी बुळबुळीत होते आणि तिचा वास पुढच्या हंगामातही जात नाही. काम सोपं आहे. बटण दाबलं की पंप चालू होतो आणि पाणी बोटीच्या कुशीतून नदीत पडतं.

मला ते कधी जमलं नाही. दर मे महिन्यात मी ते पाणी कॅनमध्ये भरून धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर नेऊन देत आलो. बोटीतून वर, वरून धक्क्याला टेकवलेल्या फळीवर, फळीवरून पायऱ्यांवर. गेल्या वर्षी फळीवर पाय घसरला आणि कंबर धरली. बेळगावजवळ कंग्राळीला, आपल्या घरी पडून राहावं लागलं. तपासायला डॉक्टरच आले. पालथा झोपवून त्यांनी मणके दाबले आणि म्हणाले, "मास्तर, लई झालं. पुढच्या वर्षी कॅन उचलताना दिसलासा तर दुसरा माणूस बघतो मी. पाणी हाय ते, तूप न्हाय." ते हसले नाहीत. या वयात मला दुसरी बोट कोणी देणार नाही, आणि शाळा तर नाहीच.

त्यांना काय सांगणार होतो? तुला मी पाणी फेकताना कधी पाहिलं नाही. रोज सकाळी तू कालचं पाणी शिळं ठरवायचीस, पण ते मोरीत गेलं असं कधी झालं नाही. तू चुलीपुढे बसली आहेस, हंड्याच्या तळाचं पाणी न्हाणीतल्या बंबात जातं, तांदळाचं धुवण म्हशीच्या घमेल्यात, भाजीचं कढीपत्त्याला. प्रत्येक पाण्याची जागा ठरलेली, आणि ती आम्हाला विचारून ठरलेली नव्हती. एकदा घागरीत मुंगळा दिसला म्हणून मी ती अंगणात उपडी केली. तू हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आलीस. "व्हय रं, तुझ्या सासऱ्यानं हीर बांधून दिलीया काय?" मी दुसरीत होतो. सासरा म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं, पण तो असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

मग कडोलीचं साहित्य संमेलन. मी तिथे स्वयंसेवक होतो आणि तू हट्टानं माझ्याबरोबर आलीस. परिसंवाद संपला, पाहुणे जेवायला गेले, आणि तू मंचावर चढून त्यांचे अर्धे राहिलेले पेले गोळा करू लागलीस. मला बादली धरायला लावलीस. माझे मित्र खाली उभे राहून हसत होते. ती बादली आपण मंडपामागच्या आंब्याला ओतली. काय ऐकलंस, असं मी वाटेत विचारलं. "ऐकू कुठं आलं? शिकलेली माणसं, तहान लागायच्या आधीच पाणी घेत्यात." घरी येईपर्यंत तू त्यावर हसत होतीस.

आज सकाळी धक्क्यावर कोणी नव्हतं. क्रेन उद्या यायची आहे, डॉक्टरही उद्याच. दोनच कॅन नेऊ, असं ठरवलं. कंबरेला पट्टा बांधला. फळीवर बसून कॅन पुढे सरकवत गेलो, लहान मूल जिना उतरतं तसा. पायऱ्या चढताना डाव्या पायात कळ उतरली आणि मी कठडा धरून थांबलो. टपरीवाली निपाणीची आहे, लग्न होऊन इकडे आलेली. तिनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अण्णा, आणलासा व्हय पुन्यांदा? कंबर मोडून घेतल्यासा की गेल्या वर्षी."

"दोनच आहेत. कप धुवायला होतील."

"नळ आलाय मला. तो बघा." पत्र्याला टेकून एक नवा नळ उभा होता. तिनं तो सोडून दाखवला, बंद केला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आनी खरं सांगू? राग मानू नगा. टाकीचं पानी वास मारतंय. तुमी एवढं वझं आणताय म्हणून न्हाय म्हणवत नव्हतं. तुमी खाली उतरला की मागल्या गटारात वतून द्यायची मी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. बसा, च्या घ्या."

मी बसलो. चहा घेतला. गटार टपरीमागेच होतं, चार पावलांवर. कॅन तिथे नेण्याइतकं बळही उरलं नव्हतं. ते तिनंच नेले आणि माझ्यासमोर ओतले. आता लपवायचं काही नव्हतं.

बोटीवर येऊन मी बटण दाबलं. दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून ठेवली आणि समोरच्या बसायच्या फळीवर पाय पसरून पडलो. बोटीच्या कुशीतून पाणी नदीत पडत होतं. त्या ठिकाणी नदी खारी असते, त्यामुळे ते पाणी कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तू असतीस तर काय बोलली असतीस ते मी जुळवून पाहिलं, पण आवाज नीट आठवला नाही. पाठ फळीला टेकली होती. दुखणं हळूहळू उतरत होतं. मधेच पंपाचा आवाज बदलला, कोरडा झाला. मी हात लांबवून बटण बंद केलं आणि पुन्हा पडून राहिलो.

तुला हे कळवायचं कारण नाही, आणि कळवायला पत्ताही नाही. लिहून झालं की कागद इथेच राहील. एवढंच की मला वाईट वाटण्याची मी बराच वेळ वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता मला झोप लागली.