जहाजवाल्यांची सावड

मी, मनकर्णा लटारू गुरनुले, वय एकोणसत्तर, धंदा राईस मिल, राहणार पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते या मृत्युपत्राने ठरवून देत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तेवढ्याने ज्याचे समाधान होत नसेल त्याने पुढचे वाचावे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा मेला त्याला एकवीस वर्षे झाली.

कलम १. मिल, यंत्रे आणि गोदाम माझी मुलगी दीपाली हिला एकटीला मिळावे. माझा मुलगा आदेश याचे म्हणणे होते की मूल गावच्या चार मिलवाल्यांसोबत आघाडी करून सगळ्यांनी एकच नाव लावावे. तसे करायचे नाही. पोत्यावर दीपालीचे नाव आणि फोन नंबर राहील. तांदळात खडा निघाला तर शिव्या कोणाला घालायच्या हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे.

आघाडी म्हणजे काय ते मी पाहिले आहे. आदेश नवी मुंबईत एका जहाज कंपनीच्या कचेरीत साहेब आहे. त्याच्या शब्दावर २०२२च्या फेब्रुवारीत मी चिन्नोर तांदळाचे दोन कंटेनर परदेशी पाठवले. बुकिंग त्याच्या कंपनीचे, बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, तीही त्याच्याच कंपनीची. जहाज मात्र दुसऱ्याच कंपनीचे निघाले. मी फोन केला तर म्हणाला, "आई, काऊन घाबरतेस? कंपन्याईची सावड व्हय ते. जहाज एकाचं, डबे तिघाईचे."

सावड म्हटल्यावर मी निर्धास्त झाले, आणि माझी चूक झाली ती इथेच. आमच्याकडे चिखलणीला शेजारच्या वावरवाल्या मुखरू भोयरचा एक बैल आणि माझा एक, अशी जोडी तीस वर्षे चालली. आज त्याचे वावर, उद्या माझे. बैल ज्याच्या वावरात लंगडला, भरपाई त्याने करायची. तांदूळ पोचला तो भिजून, बुरशी धरून. तेव्हा मी सरळ जहाजाच्या मालकाला धरले, कारण बैल त्याच्या वावरात लंगडला होता. वर्षभर पत्रे लिहिली. त्यांची उत्तरे गोड असत. शेवटी कळवले की दावा बिल्टीवाल्या कंपनीकडे करायचा असतो. तिकडे गेले तर उत्तर आले की मुदत एक वर्षाची होती, ती संपली. खाली सही आदेशची.

असल्या सोयरिकीला हे लोक सावड म्हणतात. भाडे घेताना तिघे एक, माल सडला की तिघे तीन वाटांनी पसार. यंदा तर त्यांनी जुन्या जोड्या मोडून नव्या जमवल्या, नवे भारदस्त नाव लावले. आमची बैलजोडीसुद्धा इतक्या लवकर मोडत नाही, आणि बैलांना निदान लाज असते.

कलम २. तळ्याखालचे दोन एकर धानाचे शेत मुखरू भोयर याला द्यावे. त्या कंटेनरांतला निम्मा तांदूळ त्याच्या धानाचा होता. भरपाई घेऊन मी त्याच्या दारी गेले, तर त्याने हात लावला नाही. म्हणाला, "तुमच्या वावरात लंगडला असता त बोललो असतो, बाई. हे त समुद्रात झालं. समुद्र कोनाचं वावर व्हय?" पुढच्या हंगामात पुन्हा माझ्याच मिलवर धान घेऊन आला. जिवंतपणी त्याने मला नाही म्हटले. मेलेल्या बाईला नाही म्हणून दाखवावे.

कलम ३. माझे दागिने दीपालीला. जहाज कंपनीने दिवाळीला पाठवलेले काचेचे जहाज उकिरड्यावर टाकावे; कोणाला भेट देऊन त्याचा अपमान करू नये.

कलम ४. राहते घर. निम्मे दीपालीला, निम्मे आदेशला, पण त्याच्या वाट्याला अट आहे. मुदत संपल्याच्या त्या पत्रानंतर मी त्याला विचारले होते. खाली बघत म्हणाला, "मले मुदत मालूम होती, आई. नोकरीचा सवाल होता." हेच वाक्य त्याने मुखरूच्या अंगणात उभे राहून मुखरूला सांगावे. फोन, ईमेल किंवा मध्यस्थ चालणार नाही. मुदत माझ्या मृत्यूपासून एक वर्ष. त्यानंतर सबंध घर दीपालीचे, आणि दाद मागायला जागा नाही. हा नियम त्याला माझ्याहून चांगला येतो.

तो आलाच तर मुखरूने त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. त्याने यावे असेच मला वाटते. बारा महिने मी भलत्याच दारात उभी होते आणि माझा लेक ते बघत होता. तांदूळ गेल्याचे मी विसरले. हे विसरता आले नाही, म्हणून कागदावर ठेवून जाते.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
मनकर्णा लटारू गुरनुले

मनकर्णाबाईंनी आमच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली. साक्षीदार:
१. नईम रशीद शेख, ट्रान्सपोर्ट व्यवसाय, मूल
२. डॉ. चंचल सुकलू वाढई, पोंभुर्णा

ठिकाण: पोंभुर्णा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५